लिनक्सवर चालू प्रोसेस हाताळणं: सिग्नल, नाइस आणि नऊ नंबरची घाई

एकाच उबुंटू मशीनवर तीन-चार कामं चालवणं मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांत रोजचं आहे. लगीनसराईत स्टुडिओच्या मशीनवर रात्रभर एफएफएमपेग या व्हिडिओ बनवणाऱ्या प्रोग्रामचं रेंडरिंग लागतं आणि दिवसा त्याच मशीनवर डिझाइन, प्रिंट, बिलं. जिनिंगमध्ये वजनकाट्याच्या नोंदींचा डेटाबेस आणि ऑफिसचा ब्राउझर एकाच कॉम्प्युटरवर असतात. कॉलेजच्या लॅबमध्ये एका सर्व्हरवर सगळ्या वर्गाचे प्रोग्राम चालतात, त्यात एखाद्याचा लूप कधीच संपत नाही. मशीन अडलं की बहुतेक जण पॉवरचं बटण दाबून धरतात, नाहीतर कुठेतरी वाचलेलं 'किल -९', म्हणजे प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) सक्तीने बंद करणारी आज्ञा, मारतात. मशीन मोकळं होतं, पण व्हिडिओ उघडत नाही, लॉक फाइल मागे राहते, डेटाबेस सुरू होताना रिकव्हरीत जातो. हे नुकसान जवळजवळ प्रत्येक वेळी टाळता येतं.

या लेखात आज्ञा देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि आकड्यांत टाइप करायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

आधी नीट बघा

टर्मिनल उघडून 'टॉप' चालवा. पहिल्या ओळीच्या शेवटी लोड अ‍ॅव्हरेजचे तीन आकडे दिसतील: गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांची सरासरी. हे आकडे कोअरच्या संख्येशी ताडून बघायचे असतात. 'एनप्रॉक' ही आज्ञा ती संख्या सांगते. चार कोअरच्या मशीनवर लोड ४ असेल तर मशीन पूर्ण कामात आहे, १२ असेल तर कामं रांगेत उभी आहेत. पण लिनक्समध्ये या आकड्यात डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही धरलेल्या असतात. म्हणून लोड १२ आणि सीपीयू मात्र ९० टक्के रिकामा, असं चित्र दिसलं तर दोष सीपीयूचा नाही. सीपीयूच्या ओळीत 'डब्ल्यूए'च्या शेजारचा आकडा बघा. तो मोठा असेल तर डिस्क, पेन ड्राइव्ह किंवा नेटवर्कवरचं फोल्डर अडलं आहे, आणि तिथे नाइस, म्हणजे सीपीयूतला वाटा ठरवणारा आकडा, बदलून काही होणार नाही.

टॉप चालू असताना शिफ्ट धरून पी दाबलं की यादी सीपीयूप्रमाणे लागते, शिफ्ट धरून एम दाबलं की मेमरीप्रमाणे. छोटं सी दाबलं की पूर्ण आज्ञा दिसते, १ दाबलं की प्रत्येक कोअर वेगळा दिसतो. बाहेर पडायला क्यू.

नोंद ठेवायला किंवा नेमकं शोधायला पीएस ही आज्ञा बरी:

पीएस -ईओ पीआयडी,पीपीआयडी,यूजर,स्टॅट,एनआय,पीसीपीयू,आर्ग्ज --सॉर्ट=-पीसीपीयू | हेड

एक गोष्ट इथे हमखास फसवते. पीएसमधला सीपीयूचा टक्का म्हणजे प्रोसेस सुरू झाल्यापासूनची सरासरी, तर टॉपमधला टक्का गेल्या काही सेकंदांचा असतो. दहा तास शांत बसलेला प्रोग्राम शेवटची पाच मिनिटं एक कोअर पूर्ण खात असला, तरी पीएसमध्ये तो एक टक्क्याच्या आतच दिसेल. आत्ता कोण त्रास देतंय हे विचारायचं असेल तर टॉपलाच विचारा.

'स्टॅट'च्या रकान्यातलं पहिलं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. आर म्हणजे चालू किंवा सीपीयूच्या रांगेत. एस म्हणजे कशाची तरी वाट बघत झोपलेली. मशीनवरच्या बहुतेक प्रोसेस अशाच असतात आणि त्या निरुपद्रवी आहेत. टी म्हणजे थांबवून ठेवलेली. डी म्हणजे मध्येच उठवता न येणारी झोप, झेड म्हणजे झोंबी. शेवटच्या दोघांना वेगळे उपाय लागतात, ते पुढे येतील.

नावावरून पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, हवा असेल तर:

पीग्रेप -एएफ एफएफएमपेग

यात 'एएफ' आवर्जून लावा. 'एफ' नसेल तर पीग्रेप फक्त कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) ठेवलेलं नाव बघतं आणि ते नाव पहिल्या १५ अक्षरांत कापलेलं असतं. लांब नावाचा प्रोग्राम चालू असूनही सापडत नाही. पायथनची स्क्रिप्ट असेल तर बऱ्याचदा नाव नुसतं 'पायथन३' असतं, स्क्रिप्टचं नाव पूर्ण आज्ञेतच दिसतं. उलट 'पीकिल -एफ' मात्र जपून वापरा. तो पूर्ण ओळीत कुठेही जुळणारा शब्द पकडतो. 'पीकिल -एफ बिल' लिहिलंत तर ज्या एडिटरमध्ये बिलाची फाइल उघडी आहे तोही बंद होईल. आधी त्याच शब्दांनी पीग्रेप चालवून यादी वाचा, मगच पीकिल.

सिग्नल म्हणजे नेमकं काय जातं

किल ही आज्ञा एका प्रोसेसला एक ठरावीक सिग्नल पाठवते, एवढंच तिचं काम. तो आल्यावर काय करायचं हे प्रोग्राम ठरवू शकतो: आवरून बंद व्हायचं, कॉन्फिग पुन्हा वाचायचं, की दुर्लक्ष करायचं. याला अपवाद फक्त दोन, किल आणि स्टॉप. हे दोन सिग्नल कोणत्याही प्रोग्रामला पकडता, अडवता किंवा टाळता येत नाहीत, कारण त्यांची अंमलबजावणी कर्नल स्वतः करतो.

रोजच्या कामाला सहा-सात सिग्नल पुरतात. टर्म, नंबर १५: काही न सांगता किल मारलं की हाच जातो. आयएनटी, नंबर २: कंट्रोल-सी दाबल्यावर जाणारा. क्विट, नंबर ३: कंट्रोल आणि बॅकस्लॅश. हप, नंबर १: टर्मिनल बंद झालं की जाणारा, एनजिनेक्ससारखे सर्व्हर तो आला की कॉन्फिग पुन्हा वाचतात. किल, नंबर ९. थांबवायला स्टॉप, नंबर १९ आणि पुन्हा चालू करायला कॉन्ट, नंबर १८. पूर्ण यादी 'किल -एल' दाखवते.

नंबरांपेक्षा नावं वापरायची सवय लावा. लिनक्सच्या नेहमीच्या पीसीवर १९ म्हणजे स्टॉप, पण मॅकवर १९ म्हणजे कॉन्ट आणि स्टॉप १७ आहे. एकच स्क्रिप्ट दोन्हीकडे नेली की गोंधळ होतो. 'किल -टर्म ४३१२' हे वाचायलाही सोपं पडतं.

दुसऱ्या यूजरच्या प्रोसेसला सिग्नल पाठवायला सुडो (आज्ञा मुख्य अधिकाराने चालवणं) लागतं, नाहीतर परवानगी नाकारल्याचा संदेश येतो. आणि पीआयडीच्या जागी उणे एक कधीही लिहू नका. 'किल -९ -१' म्हणजे तुमच्या अधिकारात येणाऱ्या झाडून सगळ्या प्रोसेसना किल. सुडोने चालवलं तर मशीन तिथल्या तिथे आडवं होतं.

थांबवण्याचा क्रम

समजा ४३१२ ही एफएफएमपेगची प्रोसेस आहे, एमपी४ फाइल बनवते आहे आणि ती थांबवायची आहे. एमपी४ मध्ये कोणती फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे, याची अनुक्रमणिका नेहमीच्या सेटिंगमध्ये अगदी शेवटी लिहिली जाते. एफएफएमपेगला आयएनटी किंवा टर्म मिळाला की तो नवीन फ्रेम घेणं थांबवतो, अनुक्रमणिका लिहितो, फाइल बंद करतो आणि बाहेर पडतो. तोवर झालेला भाग व्यवस्थित चालतो. किल पाठवला तर अनुक्रमणिका लिहिलीच जात नाही. फाइल ८ जीबीची दिसते, पण प्लेअर ती उघडत नाही आणि 'मूव्ह अ‍ॅटम' सापडला नाही असा संदेश येतो. रात्रभराचं रेंडरिंग एका आकड्यात जातं. अजून एक: सिग्नल पाठवून दोन-चार सेकंदांत काही झालं नाही म्हणून घाईने पुन्हा पुन्हा पाठवू नका. तीनपेक्षा जास्त सिग्नल आले की एफएफएमपेग आवराआवर सोडून तडक बाहेर पडतो.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिल्यांदा:

किल -टर्म ४३१२

मग वाट बघा. साध्या प्रोग्रामला १० सेकंद, मोठी फाइल लिहिणाऱ्याला किंवा डेटाबेसला एक-दोन मिनिटं. प्रोसेस अजून आहे का हे बघायला 'किल -० ४३१२' चालवा. शून्य नंबरने कोणताही सिग्नल जात नाही, फक्त प्रोसेस आहे का आणि तुम्हाला अधिकार आहे का एवढं तपासलं जातं. काहीच उत्तर आलं नाही तर ती अजून जिवंत आहे; अशी प्रोसेस नाही असा संदेश आला तर काम झालं. टर्मने जमलं नाही तर आयएनटी पाठवून बघा, काही प्रोग्राम तोच नीट ओळखतात. तरीही नाही हलली तर पीएसमध्ये अवस्था बघा, आणि ती आर किंवा एस असेल तरच:

किल -किल ४३१२

हे मारण्याआधी पीआयडी पुन्हा एकदा बघून घ्या. जुनी प्रोसेस संपल्यावर तिचा क्रमांक पुढे केव्हातरी दुसऱ्याला मिळतो. सकाळी कागदावर टिपलेला पीआयडी संध्याकाळी वापरला तर भलतीच प्रोसेस जाईल.

प्रोग्राम सिग्नल ऐकणार का, हे आधीही कळू शकतं. 'कॅट /प्रॉक/४३१२/स्टेटस' मध्ये सिग-सीजीटी नावाची एक ओळ असते, म्हणजे या प्रोग्रामने पकडायचे ठरवलेले सिग्नल. समोरचा आकडा सोळाच्या पायावरचा असतो. उजवीकडून पहिला बिट सिग्नल १ चा, दुसरा २ चा, असं मोजायचं. तिथे शेवटी ४००२ असेल तर दोन बिट लागलेले आहेत: दुसरा, म्हणजे आयएनटी, आणि पंधरावा, म्हणजे टर्म. या प्रोग्रामकडे दोन्हींसाठी स्वतःची आवराआवर आहे, त्याला वेळ द्या. सिग-आयजीएनच्या ओळीत तोच बिट दिसला तर तो सिग्नल सरळ टाकून दिला जातोय, पुन्हा पाठवून उपयोग नाही.

पोस्टग्रेस डेटाबेसच्या मुख्य प्रोसेसला टर्म दिलं तर ती नवीन कनेक्शन बंद करते, पण जुनी कनेक्शन आपणहून तुटेपर्यंत थांबून राहते. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर दिवसभर उघडं असतं, म्हणजे डेटाबेस संध्याकाळपर्यंत बंदच होणार नाही आणि तुम्हाला वाटेल तो अडकला. तिथे आयएनटी लागतो: अर्धवट व्यवहार मागे घेतो, कनेक्शन तोडतो आणि नीट बंद होतो. एकाच कनेक्शनची क्वेरी अडकली असेल तर त्या कनेक्शनच्या प्रोसेसला आयएनटी पाठवला की फक्त क्वेरी रद्द होते, टर्म पाठवला की ते कनेक्शन संपतं. पण त्या एका प्रोसेसला किल पाठवलात तर सामायिक मेमरी बिघडली असेल असं समजून मुख्य प्रोसेस सगळ्यांचीच कनेक्शन तोडते आणि रिकव्हरी करून पुन्हा उभी राहते. एका अडकलेल्या रिपोर्टपायी काट्यावर रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या गाड्या थांबतात.

प्रोसेस कशाने गेली हे नंतर शोधायचं असेल तर तिचा एक्झिट कोड, म्हणजे संपताना मागे ठेवलेला आकडा, बघा. सिग्नलने मेलेल्या प्रोसेससाठी शेल १२८ मध्ये सिग्नलचा नंबर मिळवून सांगतं: १३० म्हणजे आयएनटी, १४३ म्हणजे टर्म, १३७ म्हणजे किल. तुम्ही काही न पाठवता १३७ दिसला तर बहुधा मेमरी संपली आणि कर्नलने स्वतः एकाचा बळी दिला. 'जर्नलसीटीएल -के' मध्ये मेमरी संपल्याची ओळ शोधा. यावर उपाय रॅम, स्वॅप किंवा कमी कामं एकत्र लावणं. सिग्नलचा तिथे संबंध नाही.

मारूनही मरत नाही तेव्हा

डी अवस्थेतल्या प्रोसेसला नऊ नंबरही लगेच लागत नाही. ती कर्नलच्या आत डिस्कच्या उत्तराची वाट बघत असते आणि तिथून बाहेर आली की मगच सिग्नल पोचतो. कारण शोधायला 'सुडो डीमेसेज -टी | टेल' चालवा. हळूहळू मरणारी हार्ड डिस्क, सैल यूएसबी केबल, बंद पडलेला नेटवर्क सर्व्हर तिथे ओळींनी दिसतो. केबल बसवली, सर्व्हर परत आला की प्रोसेस आपोआप हलते. दहा वेळा किल मारल्याने काही बदलत नाही.

झोंबी तर आधीच मेलेली असते. मेमरी आणि सीपीयू तिने केव्हाच सोडलेले असतात, फक्त तिच्या पालक प्रोसेसने तिचा निकाल वाचलेला नसतो म्हणून यादीत नाव उरतं. एक-दोन झोंबी दिसल्या तर काही करू नका. शेकड्याने वाढत असतील तर पीपीआयडीच्या रकान्यातून पालक शोधा आणि त्याला टर्म द्या. तो गेला की झोंबी एक नंबरच्या प्रोसेसकडे जातात आणि ती त्या साफ करते. दोष पालक प्रोग्रामच्या कोडमध्ये आहे, तिथेच दुरुस्ती लागेल.

टी अवस्थेतली प्रोसेस टर्म घेते, पण तो तिच्यापाशी पडून राहतो. कॉन्ट पाठवलात की ती जागी होऊन टर्मवर कृती करते.

मारली की दोन सेकंदांत नव्या पीआयडीने परत येते, असं दिसलं तर ती सिस्टेमडीच्या, म्हणजे मशीनवरच्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामच्या, सेवेत आहे. 'सिस्टेमसीटीएल स्टेटस' आणि पुढे पीआयडी लिहिलं की कोणती सेवा ते कळतं. मग 'सुडो सिस्टेमसीटीएल स्टॉप' आणि सेवेचं नाव. तोही आधी टर्मच पाठवतो, बहुतेक ठिकाणी ९० सेकंद थांबतो आणि मग किल.

थांबवून ठेवणं आणि मागे सोडणं

स्टुडिओत दुपारी गिऱ्हाईक समोर बसलं आहे आणि मागे रेंडरिंगने मशीन जड झालं आहे. ते बंद करायची गरज नाही. 'किल -स्टॉप ४३१२' ने ते जागच्या जागी थांबतं, गिऱ्हाईक गेल्यावर 'किल -कॉन्ट ४३१२' ने त्याच फ्रेमपासून पुढे जातं. थांबलेल्या काळात सीपीयू शून्य लागतो, मेमरी मात्र अडकलेलीच राहते. डाउनलोड किंवा डेटाबेस कनेक्शन असलेले प्रोग्राम असे फार वेळ थांबवू नका, समोरचा सर्व्हर कंटाळून कनेक्शन तोडतो.

टर्मिनलमध्ये समोर चालू असलेल्या कामाला कंट्रोल-झेड हेच करतं. मग 'जॉब्ज' यादी दाखवतं, 'बीजी %१' ते मागे चालू करतं, 'एफजी %१' पुढे आणतं. खूप जण कंट्रोल-झेड दाबून काम बंद झालं असं समजतात. ते बंद होत नाही, मेमरी धरून बसलेलं असतं. लॅबच्या सर्व्हरवर दिवसाअखेर टी अवस्थेतल्या प्रोसेसची रांग दिसते ती यामुळेच.

रात्रभराचं काम दुसऱ्या गावाहून एसएसएचने (दुरून टर्मिनल उघडून) लावलं आणि मोबाइलची रेंज गेली की टर्मिनल तुटतं, हप जातो आणि काम मरतं. त्यासाठी सुरुवातीलाच:

नोहप एफएफएमपेग -नोएसटीडीइन … &

मधल्या ठिपक्यांच्या जागी तुमची नेहमीची एफएफएमपेगची ओळ. 'नोएसटीडीइन' विसरू नका, विशेषतः नोहप न लावता काम मागे सोडताना. एफएफएमपेग कीबोर्डवरून अक्षरं वाचायला बघतो आणि मागे चाललेल्या प्रोसेसने टर्मिनल वाचायला घेतलं की कर्नल तिला थांबवतो. सकाळी बघावं तर टी अवस्थेत, एक टक्काही काम झालेलं नाही. काम आधीच सुरू झालं असेल तर कंट्रोल-झेड, बीजी आणि मग 'डिसओन -एच %१'. त्याहून चांगलं म्हणजे टीमक्स वापरा. त्यात टर्मिनल तुटलं तरी आतलं सत्र चालू राहतं आणि 'टीमक्स अटॅच' ने परत जोडता येतं.

नाइस: कोणाला किती

जायकवाडीच्या कालव्याला पाणी सुटलं आणि एकट्यानेच दार उघडलं तर पाळीचा प्रश्नच येत नाही. सगळ्यांनी एकदम उघडलं की पाळी लागते. नाइस तसंच आहे. सीपीयूसाठी ओढाताण असेल तेव्हाच त्याचा उपयोग. किंमत -२० ते १९, नेहमीची ०. आकडा जितका मोठा तितका वाटा कमी. प्रत्येक पायरीला वजन साधारण सव्वा पटीने बदलतं: ० चं वजन १०२४, ५ चं ३३५, १० चं ११०, १५ चं ३६, १९ चं १५. एकाच कोअरवर एक प्रोसेस ० ला आणि दुसरी १० ला असेल तर पहिलीला सुमारे ९० टक्के वेळ मिळतो, दुसरीला १०. दुसरी १९ ला असेल तर तिच्या वाट्याला जेमतेम दीड टक्का.

काम सुरू करतानाच लावणं सगळ्यात सोपं:

नाइस -एन १५ एफएफएमपेग …

चालू कामाला:

रीनाइस -एन १५ -पी ४३१२

साध्या यूजरला आकडा वाढवता येतो, खाली आणता येत नाही. चुकून १९ केलं तर परत ० करायला सुडो लागेल. उणे आकडे शक्यतो वापरूच नका. एका कामाला पुढे काढण्यापेक्षा जड काम मागे सारणं नेहमी सुरक्षित.

आता नेहमीची तक्रार: रीनाइस केलं, टॉपमध्ये १५ दिसतंय, तरी मशीन जडच. याचं एक कारण फार कमी ठिकाणी सांगितलेलं असतं. लिनक्समध्ये नाइस प्रत्येक थ्रेडचं (प्रोसेसच्या आत समांतर चालणाऱ्या भागाचं) वेगळं असतं आणि 'रीनाइस -पी' फक्त मुख्य थ्रेडचं बदलतं. एफएफएमपेगचे एन्कोडिंगचे दहा-बारा थ्रेड आधीच सुरू झालेले असतात, ते ० वरच राहतात. सगळे थ्रेड पकडायला:

रीनाइस -एन १५ -पी $(एलएस /प्रॉक/४३१२/टास्क)

टॉपमध्ये शिफ्ट धरून एच दाबलं की थ्रेड वेगळे दिसतात, तिथे खात्री करा. सुरुवातीलाच 'नाइस' लावलं असेल तर ही भानगड येत नाही, कारण नवे थ्रेड जन्मतःच तो आकडा घेऊन येतात.

दुसरं कारण ऑटोग्रुप. 'कॅट /प्रॉक/सिस/कर्नल/शेड_ऑटोग्रुप_एनेबल्ड' चं उत्तर १ असेल तर कर्नल प्रत्येक टर्मिनल सत्राचा वेगळा गट करू शकतो, आणि मग नाइसची तुलना त्या गटाच्या आतच होते. एका टर्मिनलमधल्या १९ च्या कामाला दुसऱ्या टर्मिनलमधल्या ० च्या कामाइतकाच वाटा मिळतो. अशा वेळी पूर्ण गटाचा आकडा बदला:

एको १९ > /प्रॉक/४३१२/ऑटोग्रुप

डिस्कसाठी वेगळी आज्ञा आहे, 'आयओनाइस -सी ३ -पी ४३१२': डिस्क रिकामी असेल तेव्हाच या कामाला द्या. तिचा परिणाम डिस्कच्या शेड्यूलरवर अवलंबून असतो. 'कॅट /सिस/ब्लॉक/एसडीए/क्यू/शेड्यूलर' मध्ये कंसात बीएफक्यू असेल तर चांगला परिणाम दिसतो, नन असेल तर काहीच नाही. इथे क्यूचं पूर्ण स्पेलिंग टाइप करायचं, रांग या अर्थाचं.

मे महिन्यातल्या दुपारी खोलीत ४० अंशांच्या वर तापमान असताना नाइस मदतीला येत नाही. १९ वरचं काम रिकाम्या मशीनवर सीपीयू शंभर टक्केच वापरतं, तेवढंच तापवतं, आणि सीपीयू तापला की स्वतःचा वेग उतरवतो. तेव्हा वापरावरच मर्यादा घालावी लागते. 'टास्कसेट -सी ०,१' पुढे आज्ञा लिहिली की काम दोनच कोअरवर चालतं. चालू असलेल्यासाठी 'टास्कसेट -एसीपी ०,१ ४३१२', यातला 'ए' सगळ्या थ्रेडना लावण्यासाठी. टक्क्यात बांधायचं असेल तर:

सुडो सिस्टेमडी-रन --स्कोप --यूआयडी=तुमचं-यूजरनेम -पी सीपीयूकोटा=२००% एफएफएमपेग …

यात सीपीयू पूर्ण मोठ्या अक्षरांत, कोटाचं पहिलं अक्षर मोठं. २०० टक्के म्हणजे दोन कोअरइतका वेळ.

स्वतःची स्क्रिप्ट लिहीत असाल तर

रात्रीचा बॅकअप स्क्रिप्टने घेत असाल तर तिला टर्म समजू द्या, नाहीतर अर्धी फाइल आणि लॉक मागे राहतं. बॅशमध्ये स्क्रिप्टच्या वरच 'ट्रॅप' लिहून, आवरायचं फंक्शन आणि पुढे आयएनटी, टर्म ही नावं मोठ्या अक्षरांत द्यायची. त्या फंक्शनमध्ये तात्पुरती फाइल आणि लॉक काढा आणि शेवटी 'एक्झिट १४३' लिहा. ते विसरलात तर आवरून झाल्यावर स्क्रिप्ट पुढे चालूच राहील.

इथे बॅशची एक सवय माहीत असायला हवी. समोर एखादी आज्ञा चालू असेल तर ती संपेपर्यंत बॅश ट्रॅप चालवत नाही. स्क्रिप्ट 'स्लीप ६००' वर असताना टर्म आला तर दहा मिनिटांपर्यंत काहीच हालचाल दिसणार नाही, आणि तोवर कोणीतरी नऊ नंबर मारलेला असेल. त्याऐवजी 'स्लीप ६०० &' आणि पुढच्या ओळीत 'वेट $!' लिहा. वेट सिग्नल आल्या आल्या सुटतं आणि ट्रॅप लगेच चालतो. लांब चालणाऱ्या कोणत्याही आज्ञेला हीच पद्धत, फक्त फंक्शनमध्ये त्या मुलालाही टर्म पाठवायला विसरू नका.

लाइट गेल्यावर

यूपीएसवर दहा मिनिटं आहेत असं धरा. पहिलं काम रेंडरिंगला 'पीकिल -आयएनटी एफएफएमपेग', कारण बॅटरी तेच सगळ्यात जास्त खातंय आणि त्याला फाइल बंद करायला वेळही लागणार आहे. त्याला स्टॉप देऊन ठेवू नका; स्टॉप केलेलं काम फक्त मेमरीत असतं, वीज गेली की तेही गेलं. लाइटीचा भरवसा नसेल तर मुळात एमपी४ ऐवजी एमकेव्ही फाइल बनवा. ती मध्येच तुटली तरी तिथपर्यंतची चालते, आणि नंतर पुन्हा एन्कोड न करता 'एफएफएमपेग -आय जुनी.एमकेव्ही -सी कॉपी नवी.एमपी४' ने बदलता येते.

दुसरं, 'सुडो सिस्टेमसीटीएल स्टॉप पोस्टग्रेसक्यूएल'. तिसरं, 'सिंक', म्हणजे मेमरीत साठलेलं लिखाण डिस्कवर जाईल. पेन ड्राइव्हवर बॅकअप चालू असेल तर याला मिनिटभरही लागू शकतं. मग 'सुडो पॉवरऑफ'. बंद होताना सिस्टेमडी उरलेल्या प्रोसेसना टर्म पाठवतो आणि लगोलग कॉन्टही, त्यामुळे दुपारी स्टॉप करून विसरलेली एखादी प्रोसेसही जागी होऊन आवरून घेते. ९० सेकंदांच्या त्या खिडकीत पॉवरचं बटण दाबून धरू नका. पडद्यावर कोणत्या सेवेची वाट बघतोय ते लिहून येतं, ते वाचा आणि त्या सेवेला पुढच्या वेळी आधी थांबवा.